डांग कोणाचा, हा प्रश्नच चुकला

नाशिकहून दिंडोरी-वणीचा रस्ता धरून, सप्तशृंगीचा गड उजव्या हाताला ठेवून आणि बोरगाव मागे टाकून जो प्रवासी हातगडाच्या पायथ्याशी येतो, त्याला पुढे थोड्याच वेळात सापुताऱ्याच्या वळणावर एका राज्याची हद्द संपून दुसऱ्याची सुरू झाल्याचे कळते ते केवळ पाट्यांवरील लिपी बदलल्यामुळे. एरवी डोंगर तेच, साग तोच, नागली-वरईचे उतार तेच आणि उतारांवर राबणारी माणसेही तीच. रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीची पाटी मांडून बसलेली बाई नाशिकच्या गिऱ्हाइकाशी मराठीत भाव करते, सुरतेच्या गिऱ्हाइकाशी गुजरातीत करते, आणि दोन्ही गिऱ्हाइके गाडीत बसून निघून गेली म्हणजे शेजारच्या पाटीवालीशी तिसऱ्याच बोलीत बोलू लागते. या तिसऱ्या बोलीला कोणी डांगी म्हणतात, कोणी कोकणी, कोणी कुकणा. तिच्यावरून पाऊणशे वर्षांपूर्वी दोन प्रबळ चळवळींमध्ये मोठा विवाद झाला, आणि त्या विवादात जिची बोली तिलाच बोलावण्याची आठवण कोणाला राहिली नाही.

हा जुना विषय आज उकरून काढण्याचे कारण फार जुने नाही. २०२२ च्या डिसेंबरात, बेळगावच्या प्रश्नावरून महाराष्ट्र व कर्नाटक यांच्यात शब्दयुद्ध पेटले असता, आमच्याच नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा तालुक्यातील काही सीमावर्ती गावांनी आम्हांला गुजरातेत घाला अशी जाहीर मागणी केली. रस्ता नाही, पाणी नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही आणि पलीकडच्या डोंगरावर मात्र या गोष्टी दिसतात, एवढाच त्यांचा युक्तिवाद होता. नाशिक शहरात त्या बातमीने अनेकांच्या अस्मितेला धक्का बसला. काहींनी त्यामागे राजकीय डाव पाहिला, काहींनी तो निव्वळ दबावाचा प्रकार म्हणून हसण्यावारी नेला. परंतु ज्या महाराष्ट्राने एके काळी सापुताऱ्यापासून पुढच्या मुलखासाठी ‘डांग आमचा’ म्हणून रान उठविले होते, त्या महाराष्ट्रातील डांगाणातूनच ‘आम्हांला पलीकडे जाऊ द्या’ असा आवाज यावा, यातील विपर्यास मनाला लावून घेण्याजोगा होता, आणि तो फारसा कोणी लावून घेतल्याचे दिसले नाही.

डांगच्या दाव्याची कुळकथा थोडक्यात अशी आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील या अरण्यमय मुलखावर भिल्ल राजांची सत्ता होती. १८३० साली जेम्स औट्रमने भिल्लांची पलटण घेऊन तेथे मोहीम केली आणि पुढे १८४२ च्या सुमारास इंग्रज सरकारने या राजांकडून सागाचे जंगल इजाऱ्याने घेतले. जंगलाचा इजारा इंग्रजांकडे आणि नावाचे राज्य राजांकडे, अशी ही विलक्षण वहिवाट शतकभर चालली. तिची खूण म्हणून आजही होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो आणि त्या राजांच्या वंशजांना सरकारी तनखा मोठ्या समारंभाने वाटला जातो. या मुलखाचा कारभार प्रथम खानदेशच्या कलेक्टराकडे होता, पुढे तो सुरतेच्या एजन्सीकडे गेला. म्हणजे एकाच मुलखाचे जुने दफ्तर धुळ्याच्या वाटेवर आणि नवे दफ्तर सुरतेच्या वाटेवर. आणि ज्या दिवशी भाषावार प्रांतरचनेचे वारे वाहू लागले, त्या दिवशी दोन्ही पक्षांना आपापल्या सोयीचा पुरावा कोणत्या कपाटात शोधावा हे आधीच ठाऊक झालेले होते.

१९४८ साली डांग मुंबई प्रांतात विलीन झाला. १९४९ साली मुंबई सरकारचे प्रमुख बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी तेथे दौरा करून लोकांची बोली मराठीपेक्षा गुजरातीला अधिक जवळची असल्याचा अभिप्राय दिला. दोघांपैकी एक स्वतः मराठी होते, तरीही, किंबहुना म्हणूनच, महाराष्ट्रात त्या अभिप्रायाने संतापाची लाट उसळली. इकडून डांगी ही मराठीचीच पोटभाषा असल्याचे प्रतिपादन होऊ लागले, तिकडून ती गुजरातीची असल्याचे. इकडच्यांनी नातेगोते व बाजारहाट नाशिक-खानदेशशी असल्याचे दाखले दिले, तिकडच्यांनी व्यापार व जंगलाचा माल सुरत-बिलिमोऱ्याकडे उतरत असल्याचे. छोटुभाई व घेलुभाई या नायक बंधूंनी आहव्याला आश्रम मांडून आयुष्य वेचले, आणि त्यांच्या सेवेत गुजरातच्या दाव्याचे बळही आपोआप मिसळले. सेवा खोटी नव्हती; पण शाळेच्या फळ्यावर उमटणारे पहिले अक्षर कोणत्या लिपीचे असावे, या प्रश्नावर सेवकही तटस्थ राहू शकत नव्हता.

१९५५ साली राज्यपुनर्रचना आयोगाने द्वैभाषिक मुंबई राज्याची शिफारस करून हा पेच टाळला, १९५६ साली ते द्वैभाषिक प्रत्यक्षात आले, आणि ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ या घोषणेच्या पाठोपाठ बेळगाव, कारवार, निपाणी यांच्याबरोबर डांग व उंबरगाव ही नावेही सभांमधून दुमदुमत राहिली. अखेर १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली तेव्हा संपूर्ण डांग जिल्हा आणि ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातील गावे गुजरातेत गेली. मुंबई मिळाल्याच्या आनंदात हे दुःख विरघळले. बेळगावचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि अजून धगधगतो आहे; डांगचे नाव मात्र आज घोषणांतून तर गेलेच, पण नाशिकच्या शालेय मुलांच्या बोलण्यातूनही ते ‘सापुताऱ्याची सहल’ एवढ्यापुरतेच उरले आहे.

हा सगळा प्रकार आपल्याच घरचा म्हणून आपणांस विशेष वाटतो. परंतु ज्याने बाल्कन द्वीपकल्पाचा इतिहास वाचला असेल, त्याला त्यात ओळखीचा चेहरा दिसल्यावाचून राहणार नाही. नाशिककरांची युरोपीय राष्ट्रवादाशी ओळख झाली ती इटलीच्या वाटेने. सावरकरांनी लंडनमध्ये बसून केलेले मॅझिनीचे भाषांतर १९०७ साली प्रसिद्ध झाले आणि या गावातल्या तरुण पिढीने ते गुप्तपणे वाचले. मॅझिनीच्या राष्ट्रकल्पनेत एक गोष्ट गृहीत होती, ती ही की लोक कोण आहेत हे लोकांना ठाऊक आहे, परकी सत्तेचा पडदा दूर झाला की ते आपोआप उभे राहील. त्याच वर्षांत, त्याच खंडाच्या आग्नेय कोपऱ्यात, हे गृहीतकच कोसळत होते; पण मॅसिडोनियाची कहाणी मराठीत कोणी तेवढ्या हौसेने आणली नाही.

मॅसिडोनिया हा उस्मानी तुर्कांच्या अमलाखालील मुलूख सालोनिका, मोनास्तिर व कोसोवो या तीन विलायतींत विभागलेला होता. विलायत हा आपल्याकडे इंग्लंडला लागलेला शब्द तिकडे प्रांताला लागत असे. तुर्की दफ्तरात रयतेची नोंद भाषेवर होत नसून धर्मावर होई. त्यामुळे स्लाव्ह बोली बोलणारा शेतकरी हा कॉन्स्टँटिनोपलच्या ग्रीक धर्मगुरूच्या मिल्लतीत, म्हणजे धर्मसमाजात, गणला जाई आणि त्याला त्याची विशेष क्षिती नसे. १८७० साली सुलतानाच्या फर्मानाने एक्झार्खेट नामक स्वतंत्र बल्गेरियन धर्मपीठ स्थापन झाले, आणि ज्या ठिकाणच्या दोन-तृतीयांश ख्रिस्ती रहिवाशांची इच्छा असेल तेथे त्या पीठाला प्रवेश मिळावा असे एक कलम त्यात पडले. कलम दिसायला न्याय्य, परिणामी भयंकर; कारण त्या दिवसापासून प्रत्येक गावातील प्रत्येक कुटुंब हे जिंकण्याची वस्तू झाले. १८७८ च्या मार्चात सान स्तेफानोच्या तहाने हा मुलूख बल्गेरियाला दिला आणि जुलैत बर्लिनच्या परिषदेने तो तुर्कांना परत केला. चार महिन्यांच्या त्या स्वप्नाने बल्गेरियाला कायमचे झपाटले आणि ग्रीस व सर्बिया यांना कायमचे सावध केले.

मग शाळा आल्या. अथेन्सच्या पैशाने ग्रीक शाळा, सोफियाच्या पैशाने बल्गेरियन शाळा, बेलग्रेडच्या पैशाने सर्बियन शाळा; आणि एकाच घरातले तीन भाऊ तीन शाळांतून तीन राष्ट्रांचे होऊन बाहेर पडावेत असे प्रसंगही त्या काळी दुर्मीळ राहिले नाहीत. शाळांच्या मागोमाग आकडे आले. सर्बियाच्या बाजूचा गोप्चेविच १८८९ साली लिहितो की मॅसिडोनियात वीस लाखांवर सर्ब आणि जेमतेम ५७ हजार बल्गेरियन आहेत. बल्गेरियाच्या बाजूचा कंचोव १९०० साली लिहितो की बल्गेरियन पावणेबारा लाखांवर आहेत आणि सर्ब अवघे ७००. ग्रीक दिलियानिसच्या १९०४ च्या गणतीत साडेसहा लाख ग्रीक आहेत, सव्वातीन लाखांवर बल्गेरियन आहेत, आणि सर्बांचा रकानाच नाही. तिघेही विद्वान होते. तिघांनी मोजलेली माणसे बव्हंशी तीच होती. फक्त त्यांना काय म्हणावे याचा निर्णय प्रत्येकाने गावात पाऊल टाकण्यापूर्वी, आपापल्या राजधानीत बसून करून ठेवला होता.

आकड्यांमागून बंदुका आल्या, हे सांगावयास नकोच. १८९३ साली सालोनिकात स्थापन झालेल्या क्रांतिसंघटनेने ‘मॅसिडोनिया मॅसिडोनियनांचा’ अशी भूमिका घेऊ पाहिली. तिचा नेता गोत्से देल्चेव १९०३ च्या मेमध्ये मारला गेला, ऑगस्टात इलिंदेनचा उठाव झाला, बंडखोरांनी क्रुशेवोत उभारलेले प्रजासत्ताक सुमारे दहा दिवस जगले आणि तुर्की फौजेने गावेच्या गावे जाळली. त्याच वर्षी ख्रिस्ते मिसिर्कोव या शिक्षकाने सोफियात एक लहानसे पुस्तक छापून, आमची बोली ही बल्गेरियनही नाही व सर्बियनही नाही, तिला स्वतःचे व्याकरण मिळाले पाहिजे, असे सांगण्याचे धाडस केले. त्याच्या बहुतेक प्रती नष्ट करण्यात आल्या. उठावानंतरच्या हिवाळ्यात मदतकार्यासाठी तेथे गेलेल्या ब्रेल्सफर्ड या इंग्रज पत्रकाराने १९०६ साली मॅसिडोनियावर ग्रंथ लिहिला. हाच गृहस्थ पुढे सत्याग्रहाच्या दिवसांत हिंदुस्थानात येऊन आपल्या चळवळीचा कैवारी झाला. पुढे युद्धे होऊन १९१३ च्या ऑगस्टात बुखारेस्टच्या तहाने मॅसिडोनियाचे तीन तुकडे झाले. निम्म्याहून किंचित अधिक ग्रीसला, त्याखालोखाल सर्बियाला आणि सुमारे दशांश बल्गेरियाला. सर्बियाने आपल्या वाट्याला ‘दक्षिण सर्बिया’ म्हटले, ग्रीसने गावांची नावे बदलली. मिसिर्कोवच्या बोलीला अधिकृत लिपी व व्याकरण मिळाले ते १९४५ साली, आणि तिचे स्वतंत्रपण मान्य करावे की नाही यावरून बल्गेरिया अगदी अलीकडे, २०२० साली, ती बोलणाऱ्या चिमुकल्या देशाच्या युरोपीय संघातील प्रवेशवाटाघाटी अडवून बसला होता.

येथे सुज्ञ वाचक आक्षेप घेईल, आणि तो घेतलाच पाहिजे, की ही तुलना ताणलेली आहे. मॅसिडोनियात रक्ताचे पाट वाहिले, डांगात कोणी कोणाचे गाव जाळले नाही. तेथे तह झाले ते तोफांच्या धाकाने, येथे हद्द ठरली ती संसदेच्या कायद्याने. आणि मराठी व गुजराती या काही एकमेकांच्या जिवावर उठलेल्या जमाती नव्हेत, मुंबईच्या एकाच चाळीत त्या पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या आहेत. हे सर्व खरे आहे आणि भारतीय संघराज्याच्या पदरात ते श्रेय निःसंकोच घातले पाहिजे. भाषावार राज्यांचे तत्त्वही मी चुकीचे मानीत नाही; लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत चालावा याहून सरळ तत्त्व कोणते? परंतु त्या तत्त्वाला एक मर्यादा आहे आणि ती नेमकी सीमेवर उघडी पडते. दर बारा कोसांवर भाषा बदलते असे आपणच म्हणतो. मग नकाशावर रेघ ओढताना तीच भाषा एका काठीच्या अंतरात बदलली पाहिजे असा हट्ट आपणच का धरतो?

ग्रिअर्सनने आपल्या भाषा-पाहणीत हा घोळ फार पूर्वीच ओळखला होता. पूर्वी मराठीची पोटभाषा समजल्या जाणाऱ्या खानदेशीला त्याने मराठीच्या खंडात न बसविता, १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्लांच्या बोलींच्या शेजारी ठेवले. डांगच्या बोलींत मराठीच्याही खुणा आहेत आणि गुजरातीच्याही, यात नवल ते काय; ज्या वाटेने मीठ आले त्या वाटेने शब्दही आले. खेर-मोरारजींचा अभिप्राय चूक होता की महाराष्ट्राचे प्रत्युत्तर, हा वाद मला म्हणूनच वांझोटा वाटतो. ‘ही बोली आमच्या भाषेला जवळची की त्यांच्या?’ असे जेव्हा दोन थोर भाषा परस्परांना विचारतात, तेव्हा ती बोली स्वतः काही आहे ही शक्यता दोघींनीही आधीच नाकारलेली असते. गोप्चेविच आणि कंचोव यांचे भांडण एवढे कडाक्याचे होते, तरी मिसिर्कोवचे पुस्तक नको याबद्दल त्यांच्या पक्षांत मतभेद नव्हता.

आणि मुलूख कोणाच्या पदरात पडला यावरून त्या मुलखाचे भले झाले की नाही हे ठरत नाही, याचे प्रत्यंतर आपल्या उंबरठ्यावर आहे. डांग गेला, पण सुरगाणा व पेठ हे तालुके आपल्याकडे राहिले; तीच माणसे, तोच देव-माऊलीचा धर्म, तोच तारपा. दादासाहेब बिडकरांनी १९३७ साली नाशिकला डांग सेवा मंडळ स्थापून या डोंगरांत आश्रमशाळा नेल्या, तेव्हा ना महाराष्ट्र राज्य होते ना गुजरात. राज्य आल्यावर त्या कामाला शासनाची जोड भरघोस मिळावयास हवी होती. प्रत्यक्षात आजही भाताची कापणी उरकली की सुरगाण्या-पेठची आणि डांगचीही कुटुंबे पोराबाळांसह घर बंद करून, कोणी दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत तर कोणी दक्षिण गुजरातच्या उसाच्या फडांत, हंगामभर मजुरीला जातात. आमच्या द्राक्षांच्या निर्यातीचे कौतुक आम्ही छापतो. त्या घडांची विरळणी करणारे हात कोणत्या बोलीत गाणे म्हणतात, याची चौकशी करण्याचे आम्हांला सुचत नाही. ज्या डोंगरांवर भरपूर पाऊस कोसळतो तेथील बाया चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी दरी उतरतात. आणि त्याच डोंगरांतल्या पार वगैरे नद्यांचे पाणी दूर नेण्याचा प्रश्न आला तेव्हा, २०१० साली, एरवी हद्दीवरून भांडणारी दोन्ही राज्ये केंद्राबरोबर एका कराराच्या कागदावर सह्या करून मोकळी झाली. पार-तापी-नर्मदा जोडप्रकल्पाविरुद्ध २०२२ साली डांग-धरमपूरचे आदिवासी रस्त्यावर उतरले तेव्हा कोठे गुजरात सरकारला तो रद्द केल्याची घोषणा करावी लागली.

डांग परत मागावा असे म्हणणारा मी नाही. पासष्ट वर्षांपूर्वी मिटलेली जखम उकलून कोणाचेच कल्याण नाही, आणि आहव्याच्या शाळेत गुजरातीत शिकून मोठ्या झालेल्या तीन पिढ्यांना आता उलट्या दिशेने चालावयास सांगणे हा दुसरा अन्याय होईल. महाराष्ट्राचा डांगवरील दावा खरा होता असे ज्यांना आजही मनापासून वाटते, त्यांना तो सिद्ध करण्याची एकच सनदशीर वाट उरली आहे: आपल्या वाट्याच्या डांगाणात असा कारभार करून दाखवावा की पलीकडच्या गावाला हेवा वाटावा. पहिल्या दोन इयत्तांत मुलाला त्याच्या घरच्या बोलीत शिकवून मग मराठीकडे आणावे, तलाठ्याने व परिचारिकेने ती बोली कामापुरती शिकावी, आणि उन्हाळ्यापूर्वी टाकीत पाणी असावे. यांतील एकाही गोष्टीला घटनादुरुस्ती लागत नाही.

शेवटी एक लहानशी पण तातडीची गोष्ट. आपल्या जनगणनेच्या भाषासूचीत डांगी ही खानदेशी या गटाखाली मोडते आणि कोकणा किंवा कुकणा ही भिली या गटाखाली. म्हणजे हातगडाच्या पायथ्याशी शेजारी बसलेल्या दोघी पाटीवाल्यांनी आपल्या एकाच बोलीला दोन नावे सांगितली, तर सरकारी तक्त्यात त्या दोन निरनिराळ्या भाषागटांत जाऊन बसतील, आणि प्रगणकाने घाईने ‘मराठी’ किंवा ‘गुजराती’ लिहून टाकले तर कोठेच दिसणार नाहीत. येत्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ही आहे. दारोदार जाणाऱ्यांत बहुसंख्य आपल्या शाळांतील गुरुजी व बाई असतील. सुरगाणा-पेठच्या त्या शिक्षकांना एवढीच विनंती, की मातृभाषेच्या रकान्यापाशी आल्यावर लेखणी क्षणभर थांबवावी, प्रश्न तोंडाने विचारावा, आणि घरातील माणूस जे नाव सांगेल तेच लिहावे.